‘मेटा’ या उपसर्गाचे मराठीकरण : एक पुनर्विचार

१

गेल्या तीन-चार दशकांत मराठी समीक्षेत इंग्रजीमार्गे ज्या पारिभाषिक संज्ञा आल्या, त्यांत ‘मेटा’ या ग्रीक उपसर्गाने आरंभ होणाऱ्या संज्ञांचा एक मोठा गट आहे. मेटाफिजिक्स आणि मेटाफर यांच्याशी आपला परिचय जुना. मेटालँग्वेज, मेटाफिक्शन, मेटानॅरेटिव्ह, मेटाटेक्स्ट या त्यामानाने अलीकडच्या. या संज्ञांसाठी मराठीत ‘अति’, ‘अधि’, ‘परा’, ‘महा’ असे चार निरनिराळे पूर्वघटक योजले जातात. मेटाफिक्शनला कोणी ‘अतिकथा’ म्हणतो, कोणी ‘अधिकथा’, कोणी ‘पराकथा’. मेटानॅरेटिव्हला ‘महाकथन’ म्हटले जाते आणि क्वचित ‘अधिकथन’ही. एका संज्ञेला तीन पर्याय आणि एका पर्यायामागे तीन मूळ संज्ञा, अशी ही अवस्था आहे.

पर्यायांची विपुलता हा भाषेच्या जिवंतपणाचा पुरावा मानून हा प्रश्न सोडून देता येईल, असे काहींना वाटेल. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. अमरावती, अकोला, अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर येथील महाविद्यालयांतून पदव्युत्तर वर्गांत येणारा विद्यार्थी बहुधा आपल्या घरातील पहिलाच पदवीधर असतो. इंग्रजी मूळ ग्रंथ त्याच्या हाती नसतो. पुण्या-मुंबईत प्रकाशित झालेले मराठी समीक्षाग्रंथ आणि मध्यप्रदेशाच्या सान्निध्यामुळे अमरावतीत सहज मिळणारी हिंदी पुस्तके हीच त्याची साधने. त्याच्यासाठी पर्यायी शब्द हेच संकल्पनेत शिरण्याचे एकमेव दार असते. ते दार भलत्याच खोलीत उघडले, तर उत्तरपत्रिकेत व्याख्या अचूक उतरते आणि उदाहरण मात्र चुकते. अशा उत्तरपत्रिका आपण सर्वांनीच तपासल्या आहेत. ‘अतिकथा म्हणजे कथेविषयीची कथा’ असे लिहून पुढे उदाहरण म्हणून अद्भुतरम्य कादंबरी दिलेली असते. ‘अति’ या शब्दाने विद्यार्थ्यास तिकडे नेले, हे आपण ध्यानात घेत नाही. दोष त्याच्या आकलनाला दिला जातो.

या गोंधळाचे मूळ शोधावयाचे तर प्रथम ग्रीक उपसर्गाचा इतिहास पाहावा लागेल आणि त्यानंतर आपल्या उपसर्गांची शक्ती तपासावी लागेल.

२

ग्रीक भाषेत ‘मेटा’ हे मुळात शब्दयोगी अव्यय. षष्ठ्यंत नामाबरोबर आले की त्याचा अर्थ ‘सह’, ‘मध्ये’ असा होतो, आणि द्वितीयान्त नामाबरोबर आले की ‘नंतर’, ‘मागून’ असा. जर्मनमधील ‘मिट्’ (सह) या शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. समासाच्या आरंभी मात्र त्यास आणखी एक अर्थ प्राप्त झाला, तो म्हणजे पालट किंवा स्थलांतर. मेटामॉर्फसिस म्हणजे रूपाचा पालट. मेटाबोले म्हणजे बदल; त्यावरून पुढे मेटाबॉलिझम. मेटाफोरा म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेणे. आजच्या ग्रीसमध्ये मालवाहतुकीच्या गाड्यांवर हाच शब्द लिहिलेला असतो. ‘मेथड’ या शब्दातही ‘मेटा’ दडलेला आहे : मेटा अधिक होडोस, म्हणजे वाटेचा माग काढीत जाणे. आपला ‘पद्धती’ हा शब्दही ‘पद’ आणि ‘हति’ यांपासून, म्हणजे पावलांनी मळलेली वाट या अर्थाने, सिद्ध झाला आहे. ‘संशोधनपद्धती’ या विषयाच्या पहिल्या तासाला हे साम्य सांगण्यासारखे आहे; पण साम्य आहे ते कल्पनेचे, उपसर्गाचे नव्हे.

आज समीक्षेत ज्या अर्थाने ‘मेटा’ येतो तो अर्थ मात्र या मूळ ग्रीक अर्थांपैकी एकही नाही. त्याचा उगम एका ग्रंथाच्या नावात आहे. ॲरिस्टॉटलने ज्या विवेचनास ‘आद्य तत्त्वज्ञान’ म्हटले, ते त्याच्या मृत्यूनंतर संपादित झालेल्या ग्रंथसंग्रहात निसर्गविषयक ग्रंथांच्या पुढे ठेवले गेले. या संपादनाचे श्रेय परंपरेने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील अँड्रोनिकस या ऱ्होड्सच्या पंडितास दिले जाते. या ग्रंथास नाव पडले ‘ता मेटा ता फिजिका’. अर्थ एवढाच, की ‘निसर्गविषयक ग्रंथांनंतरचे’. नाव पडले ते मांडणीच्या क्रमावरून, असा सर्वसाधारण समज आहे. पुढील भाष्यकारांनी या ‘नंतर’चा अर्थ ‘पलीकडचे’ असा लावला. ज्या ग्रंथाचा विषय इंद्रियगोचर सृष्टीच्या पलीकडे जातो तो मेटाफिजिक्स, अशी व्युत्पत्ती रूढ झाली. ग्रंथाचा विषय तसा होताच. त्यामुळे ही व्युत्पत्ती कोणास खटकली नाही.

विसाव्या शतकात याच नावाच्या साच्यावर नवे शब्द घडविले गेले. डेव्हिड हिल्बर्टने १९२० नंतरच्या दशकात गणिताच्या सिद्धतांचाच विचार करणाऱ्या शाखेस ‘मेटामॅथेमॅटिक्स’ म्हटले. त्याच्या पुढच्या दशकात आल्फ्रेड टार्स्कीने, ज्या भाषेविषयी बोलावयाचे ती भाषा आणि ज्या भाषेत बोलावयाचे ती भाषा, असा भेद करून दुसरीस ‘मेटालँग्वेज’ ही संज्ञा स्थिर केली. रोमान याकबसनने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुविख्यात निबंधात भाषेच्या सहा कार्यांपैकी एक म्हणून तिची गणना केली. १९७० मध्ये विल्यम गॅस यांनी ‘मेटाफिक्शन’ हा शब्द वापरला. १९७३ मध्ये हेडन व्हाइट यांचा ‘मेटाहिस्टरी’ हा ग्रंथ आला. जेरार जेनेत यांनी १९८२ मध्ये एका संहितेने दुसरीवर केलेल्या भाष्यात्मक संबंधास ‘मेटाटेक्स्ट’शी जोडले. या सर्वांत ‘क्ष’विषयीचा, एका पायरीवरून पाहणारा ‘क्ष’ असा अर्थ आहे. हा अर्थ प्राचीन ग्रीकांस ठाऊक नव्हता. ग्रंथांच्या क्रमातील ‘नंतर’, त्यातून ‘पलीकडे’ आणि त्यातून ‘विषयी’ अशा तीन पायऱ्यांनी तो घडला आहे.

तेव्हा ‘मेटा’चे निदान चार अर्थ हाताशी येतात : नंतर, पालट, पलीकडे आणि विषयी. मनगटानंतरच्या, तळहातातील हाडांचे इंग्रजी नाव पहिल्या अर्थाने, मेटामॉर्फसिस दुसऱ्या, मेटाफिजिक्स (रूढ अर्थाने) तिसऱ्या आणि मेटाफिक्शन चौथ्या. शिवाय ज्या शब्दांत ‘मेट’ ऐकू येते ते सर्व या घराण्यातील नव्हेत. ‘मीटर’ हा ‘मेट्रॉन’ म्हणजे माप यावरून आणि ‘मेट्रोपोलिस’ हा ‘मेटेर’ म्हणजे माता यावरून आला आहे.

३

उपसर्गास उपसर्ग हवाच, या समजुतीने आपण चारही अर्थांसाठी एकच मराठी पूर्वघटक शोधू लागलो, आणि येथेच वाट चुकली. आपल्या पूर्वसूरींनी तसे केले नव्हते.

पालट या अर्थासाठी मराठीने, आणि तिच्यापूर्वी संस्कृतने, शब्दाच्या पुढे काही लावलेच नाही. ते मागे लावले. रूपांतर, देहांतर, स्थलांतर, भाषांतर, धर्मांतर, मतांतर या शब्दांतील ‘अंतर’ म्हणजे ‘अन्य’. रूपांतर म्हणजे अन्य रूप. ग्रीक भाषा जे काम उपसर्गाने करते ते संस्कृत-मराठी समासाच्या उत्तरपदाने करते. कीटकांच्या मेटामॉर्फसिसला ‘रूपांतरण’ म्हणणाऱ्यांनी आणि मेटामॉर्फिक खडकांना ‘रूपांतरित’ म्हणणाऱ्यांनी भाषेचा हा स्वभाव अचूक ओळखला. मेटाबॉलिझमसाठी ‘चयापचय’ योजताना तर उपसर्गाचा माग सोडून क्रियेचेच वर्णन केले गेले : चय आणि अपचय, म्हणजे साठणे आणि झिजणे. मेटाथेसिसला व्याकरणकार ‘वर्णविपर्यय’ म्हणतात. वाराणसीचे ‘बनारस’ आणि ‘नुकसान’चे आपल्या खेड्यांतून सर्रास ऐकू येणारे ‘नुसकान’ ही त्याची उदाहरणे. या शब्दात ‘मेटा’चा वास नाही, पण एकदा ऐकल्यावर विद्यार्थी तो विसरत नाही.

‘नंतर’ या अर्थासाठी आपल्याकडे ‘उत्तर’ आहे : स्वातंत्र्योत्तर, आधुनिकोत्तर. तोही बहुधा मागेच लागतो.

मेटाफरसाठी ‘रूपक’ हा शब्द रूढ झाला, येथे मात्र अडचण आहे. रूपक हा एक अलंकार; उपमेय-उपमानांचा अभेद हे त्याचे लक्षण. ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’तील मेटाफोरा याहून कितीतरी व्यापक आहे, जातीचे नाव व्यक्तीला देणे, व्यक्तीचे जातीला देणे हेही त्यात येते. एका वस्तूचे नाव दुसरीकडे नेणे ही कल्पना आपल्याकडे ‘लक्षणा’ आणि ‘उपचार’ या संज्ञांच्या अधिक जवळची आहे. ‘रूपक’ आता बदलता येणार नाही, बदलण्याचे कारणही नाही. परंतु शिक्षकाने हा फरक वर्गात सांगितला पाहिजे; अन्यथा आधुनिक कवितेतील प्रत्येक मेटाफरमध्ये विद्यार्थी उपमेय-उपमान शोधीत बसतो.

४

आता चार वादग्रस्त पूर्वघटकांकडे वळू.

‘अति’चा मूळ अर्थ ‘ओलांडून’. अतिक्रमण, अतींद्रिय या शब्दांत तो शुद्ध स्वरूपात आहे, आणि त्या न्यायाने ‘अतिभौतिकी’ हा मेटाफिजिक्सचा पर्याय सदोष म्हणता येत नाही. परंतु बोलीत ‘अति’चा अर्थ ‘प्रमाणाबाहेर’ असा घट्ट झाला आहे; ‘अति तिथे माती’ ही म्हण प्रत्येकाच्या तोंडी आहे. शिवाय ‘अतिवास्तववाद’, ‘अतिमानव’, ‘अतिशयोक्ती’ या शब्दांनी तो वेगळ्या संकल्पनांसाठी गुंतवून ठेवला आहे. ‘अतिवास्तव’ आणि ‘अतिकथा’ शेजारी ठेवले की विद्यार्थी दोहोंना एकाच वंशातील समजणार. ‘विषयी’ हा अर्थ ‘अति’मध्ये कधीच नव्हता.

‘परा’विषयी गोंधळ दुहेरी आहे. पराजय, पराभव यांतील ‘परा’ हा उपसर्ग. परा विद्या, परा वाणी यांतील ‘परा’ हे ‘पर’ या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप. ‘पराकथा’तील ‘परा’ यांपैकी कोणता? त्याहून मोठी अडचण अशी की ‘पॅरासायकॉलॉजी’साठी ‘परामानसशास्त्र’ हा शब्द आधीच रुळला आहे. म्हणजे ‘पॅरा’ या दुसऱ्या ग्रीक उपसर्गाची जागा ‘परा’ने घेतली आहे. (पॅरामिलिटरीला ‘निमलष्करी’ म्हणून मराठीने तेथे किती सुंदर वाट काढली आहे!) एकाच ‘परा’ने पॅरा आणि मेटा या दोघांचेही ओझे वाहावे, ही अपेक्षा न्याय्य नव्हे.

‘महा’ हा आकाराचा वाचक. ल्योतारने १९७९ च्या आपल्या ग्रंथात ‘ग्राँ रेसी’ आणि ‘मेटारेसी’ हे दोन्ही शब्द वापरले. त्यांपैकी पहिल्याला ‘महाकथन’ हा पर्याय यथायोग्य आहे. दुसऱ्याचा भर इतर कथनांना वैधता देणाऱ्या, त्यांच्यावर अधिकार सांगणाऱ्या कथनावर आहे. ‘महाकथन’ म्हटले की विद्यार्थ्यास महाकाव्याची आठवण होते, आणि रामायण-महाभारत ही महाकथने म्हणून नोंदवून तो मोकळा होतो.

उरतो ‘अधि’. ‘वर’ आणि ‘अधिकार’ हे त्याचे अर्थ आपल्या परिचयाचे आहेत : अधिपती, अधिष्ठाता, अधिकारी. पाणिनीने स्वामित्वाच्या अर्थाने त्याची नोंद केली आहे. परंतु ‘अधि’चा आणखी एक प्राचीन अर्थ आपण विसरलो आहोत. ‘अध्यात्म’ म्हणजे आत्म्यासंबंधीचे, ‘अधिदैव’ म्हणजे देवतांसंबंधीचे, ‘अधिभूत’ म्हणजे भूतांसंबंधीचे. अष्टाध्यायीत एखाद्या विषयाला ‘अधिकृत्य’, म्हणजे उद्देशून, रचलेल्या ग्रंथाच्या नावाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. ‘विषयी’ आणि ‘वरच्या पायरीवरून’ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात ते या एकाच उपसर्गात. म्हणून चौथ्या अर्थाच्या संज्ञांसाठी, आणि केवळ त्यांच्यासाठी, ‘अधि’ स्वीकारावा असे माझे मत आहे : अधिभाषा, अधिकथा, अधिसंहिता, अधिसमीक्षा. ल्योतारच्या दुसऱ्या संज्ञेसाठी ‘अधिकथन’ घेतल्यास ‘अधि’तील अधिकाराचा अर्थही उपयोगी पडेल. मेटाफिजिक्ससाठी ‘तत्त्वमीमांसा’ किंवा ‘सत्ताशास्त्र’ रूढ आहेत. ते उपसर्गाच्या वाटेस गेलेच नाहीत, आणि म्हणूनच टिकले.

‘परिभाषा’ या शब्दाचीही येथे दखल घेतली पाहिजे. संस्कृत व्याकरणात परिभाषा म्हणजे सूत्रांचा अर्थ कसा लावावा हे सांगणारे सूत्र, म्हणजे नियमाविषयीचा नियम. नागेशभट्टाचा ‘परिभाषेन्दुशेखर’ याच विषयावरचा. व्याकरणात शब्दाने त्याच्या अर्थाचा नव्हे तर स्वतःच्या रूपाचा बोध करून द्यावा, हेही पाणिनीने आरंभीच सांगून ठेवले आहे. फ्रिट्स स्टाल यांनी १९७५ मध्ये अधिभाषेच्या संकल्पनेची भारतीय पार्श्वभूमी याच आधारे मांडली. म्हणजे मेटालँग्वेजला नेमका शब्द आपल्याकडे होता. पण मराठीत ‘परिभाषा’ संज्ञासमूहाचा वाचक झाला आणि हिंदीत व्याख्येचा. हिंदी पुस्तकावरून टिपणे काढणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याच्या वहीत हे दोन्ही अर्थ एकाच पानावर आढळतात. गेलेला शब्द परत आणता येत नाही, परंतु तो कसा गेला हे शिकविता येते.

५

यावर एक आक्षेप संभवतो. मूळ ‘मेटा’च का ठेवू नये? मराठीने परकीय पूर्वघटक काही थोडे पचविलेले नाहीत. फारसीमार्गे आलेले ‘गैर’, ‘बे’, ‘दर’ आज आपलेच आहेत. हे खरे आहे. पण ते आपले केव्हा झाले? मराठी शब्दांशी त्यांचे लग्न लागले तेव्हा. ‘गैरसमज’, ‘गैरसोय’, ‘दरडोई’, ‘बेभरवशाचा’ हे शब्द कोणत्याही कोशमंडळाने घडविलेले नाहीत. ते बाजारात, कचेरीत आणि घरात घडले. ‘मेटा’ने अद्याप असा एकही संसार थाटलेला नाही. ‘मेटाकथा’ हा शब्द चर्चासत्राबाहेर कोणी उच्चारीत नाही. त्यात ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक चालविणाऱ्या कंपनीने स्वतःचेच नाव ‘मेटा’ असे केल्यापासून विद्यार्थ्याच्या कानी तो शब्द एका कंपनीचे नाव म्हणूनच पडतो. पुढे कधी लोकांनी तो आपलासा केला, तर त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. तोवर अर्थ सांगणारा शब्द बरा.

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेचा आहे, आणि तो अधिक काळजीपूर्वक हाताळला पाहिजे. आपल्याकडे हे सर्व आधीच होते, असे म्हणण्याचा मोह वऱ्हाडातील अभ्यासकास विशेष होतो. कारण मराठी गद्याचे माहेर असलेले रिद्धपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. मराठी भाषा विद्यापीठही आता तेथे स्थापन झाले आहे. महानुभाव वाङ्‌मयात संहितेवर संहिता रचण्याची परंपरा विलक्षण समृद्ध आहे, यात शंका नाही. केशिराजबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त ११४ दृष्टान्त आहेत, आणि प्रत्येकास तीन थर आहेत : चक्रधरांचे सूत्र, चक्रधरांनीच सांगितलेला दृष्टान्त आणि केशिराजबासांनी स्वतः जोडलेले दार्ष्टान्तिक. कथा कशासाठी सांगितली हे सांगणारा तिसरा थर कथेच्या बाहेर उभा राहून कथेविषयी बोलतो. सूत्रे कोणत्या प्रसंगी उच्चारली गेली याची नोंद ठेवणारे ‘प्रकरणवश’, पुढे झालेले लक्षणबंद, विचारबंद, आचारबंद हे सर्व ग्रंथाविषयीचे ग्रंथ होत. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी नष्ट झाल्यानंतर ती स्मरणातून पुन्हा सिद्ध करण्यात आली, असे परंपरा सांगते. पोथ्यांतून एकाच लीळेच्या भिन्न आठवणी ‘वासना’ आणि ‘शोधु’ अशा नोंदींनी जपलेल्या दिसतात. संहिता स्वतःच्या पाठाविषयी वाचकाशी बोलत आहे, असे हे दृश्य आहे.

‘अधिसंहिता’ ही संज्ञा शिकविताना युरोपातील उदाहरणांपूर्वी ‘दृष्टान्तपाठा’चे एक पान फळ्यावर लिहावे, असा माझा आग्रह आहे. वि. भि. कोलते यांच्यासारख्या संशोधकांनी हे वाङ्‌मय आपल्या हाती दिले, ते केवळ प्राचीन मराठीच्या प्रश्नपत्रिकेपुरते नव्हे. परंतु ‘दृष्टान्तपाठ’ ही अधिकथा आहे, असे विधान मात्र करू नये. अधिकथा कथेच्या सत्यत्वाविषयी संशय निर्माण करते. लेखक कथा रचतो आहे याची वाचकास सतत जाणीव देते. केशिराजबासांचा हेतू याच्या अगदी उलट आहे. गुरुवचनाचा अर्थ ढळू नये आणि शिष्याच्या मनात संशय उरू नये, यासाठी त्यांनी दार्ष्टान्तिक लिहिले. म्हाइंभटांच्या परंपरेने पाठभेद जपले ते निष्ठेपोटी. रचना सारखी आहे, प्रयोजन भिन्न आहे. हा भेद ज्या विद्यार्थ्यास मांडता आला त्यास दोन्ही गोष्टी समजल्या असे म्हणावे.

६

व्यवहारापुरत्या तीन सूचना मांडतो. पहिली : प्रबंधात किंवा शोधनिबंधात ‘मेटा’युक्त संज्ञा प्रथम येईल तेथे तिचा अर्थ चारांपैकी कोणता हे एका वाक्यात नमूद करावे आणि पुढे तोच पर्याय अखेरपर्यंत ठेवावा. मार्गदर्शकांनी याविषयी आग्रही राहावे. दुसरी : प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने एकच पर्याय न देता रूढ असलेला दुसरा पर्यायही सोबत द्यावा. वऱ्हाडातील पाच जिल्ह्यांत एकाच विषयाची भिन्न पुस्तके वाचली जातात; ‘अतिकथा’ शिकलेल्या विद्यार्थ्याने ‘अधिकथे’चा प्रश्न अनोळखी म्हणून सोडून द्यावा, यात त्याची परीक्षा होत नाही. तिसरी : भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि विश्वकोशाचे परिभाषासंग्रह आपल्या ग्रंथालयांत आहेत, पण ते बहुधा कपाटातच असतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एखाद्या उपसर्गाच्या सर्व पर्यायांची सूची या कोशांतून काढावयास लावावी. ‘अँटी’साठी प्रति, विरोधी, रोधक; ‘ऑटो’साठी आत्म, स्व, स्वयं. अशा चार-दोन सूची स्वतः काढल्या की कोणता पर्याय का टिकला, याचा विचार तो आपोआप करू लागेल.

पारिभाषिक शब्द ठरविण्याचा अधिकार एका व्यक्तीस नाही, एका विभागासही नाही. ‘अधि’चा येथे केलेला पुरस्कार कोणास मान्य न झाल्यास त्याने ‘अति’ किंवा ‘परा’चा पक्ष अवश्य मांडावा. मात्र तो मांडताना त्या शब्दावरून वर्गातील विद्यार्थ्यास कोणते उदाहरण सुचते, हे पाहून मांडावा.